कोकणातलं जुनं जंगल बघायला जाताय ना, मग असं बघा

डिसेंबर लागला की ओळखीतले चार-पाच जण तरी फोन करतात, काशीदला येतोय, तिथून फणसाड जवळ आहे ना, काय बघण्यासारखं आहे तिथे, बिबट्या दिसतो का. मग जाऊन येतात आणि म्हणतात काही दिसलं नाही गं, नुसती झाडंच आहेत. हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण झाडंच तर बघायला जायचं असतं तिथे. समुद्राच्या इतक्या जवळ असं जुनं रान आता कोकणात थोड्याच जागी उरलंय. ते कसं बघायचं हे कोणी सांगत नाही म्हणून लोक गाडीतून उतरतात, फोटो काढतात, वडापाव खाऊन परत जातात. तर मला जे माहीत आहे ते एकदा नीट लिहून ठेवतेय, पुढच्या वेळी फोन आला की हेच पाठवीन.

आधी कुठे जायचं ते. फणसाड अभयारण्य रायगड जिल्ह्यात आहे, मुरुड आणि रोहा तालुक्यात. पूर्वी हे मुरुड-जंजिऱ्याच्या नवाबाचं राखीव शिकारीचं रान होतं, बाहेरच्या कोणाला आत कुऱ्हाड घेऊन जायची सोय नव्हती, म्हणून बाकीचे डोंगर उघडे पडले तरी हे टिकलं. १९८६ मध्ये अभयारण्य झालं. पन्नास चौरस किलोमीटरपेक्षा मोठं आहे. सुपेगावच्या बाजूने आत जातात, रेल्वेने यायचं तर रोहा स्टेशन जवळ, आणि रस्त्याने अलिबाग-रेवदंडा करत येतात बहुतेक लोक. दुसरी जागा म्हणजे गावोगावच्या देवराया, ज्यांना रत्नागिरीकडे देवरहाटी म्हणतात आणि खाली सिंधुदुर्गात नुसतं राई. या लहान असतात, कधी दोन-चार गुंठे तर कधी काही एकर, पण झाडांच्या वयाचं म्हणाल तर कधीकधी अभयारण्यापेक्षा जास्त जुनं रान तुम्हाला एखाद्या वाडीच्या मागे काळकाईच्या नाहीतर वाघजाईच्या देवळाभोवती मिळेल. माझं आजोळ गुहागर तालुक्यात, तिथल्या रहाटीत मी लहानपणापासून जातेय, त्यामुळे मी दोन्ही जागांबद्दल एकत्रच लिहिते.

कधी जायचं? सगळे सांगतील नोव्हेंबर ते फेब्रुवारी, थंडी असते, चालायला बरं वाटतं. बरोबर आहे, लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर तेव्हाच जा. पण मला विचाराल तर एकदा तरी एप्रिलमध्ये जा, पहाटे. तेव्हा सडा, म्हणजे डोंगरावरचा उघडा कातळ, तापलेला असतो, गवत पिवळं होऊन गेलेलं, बाहेरच्या डोंगरावर बघवत नाही, आणि अशा वेळी जुन्या रानात पाऊल टाकलं की अंगाला पहिल्या दहा पावलांतच कळतं. घाम थांबतो, वास बदलतो. जंगलाचा उपयोग काय असं विचारणाऱ्याला मी एप्रिलमध्येच घेऊन जाते, बोलावं लागत नाही फार. पावसाळ्यात मात्र आधी वनविभागाला विचारून मगच निघा, वाटा निसरड्या असतात, ओढे अचानक फुगतात आणि फिरायला बंदीही असू शकते.

परवानगीचं म्हणाल तर अभयारण्य आहे, तेव्हा गेटवर नोंद करून, जी काय फी असेल ती भरून जायचं. आणि प्लीज गावातला माणूस वाटाड्या म्हणून बरोबर घ्या. त्याचे पैसे देताना घासाघीस करू नका. तुम्ही ज्या झाडाखालून तीन वेळा जाल आणि काही बघणार नाही, त्याच झाडाकडे तो मान वर करून म्हणेल ते बघा शेकरूचं, म्हणजे मोठ्या झाडखारीचं घरटं. हे पुस्तकातून येत नाही.

बरोबर काय न्यायचं ते थोडक्यात सांगते. मातकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, पँटचे पाय मोज्यात खोचायचे कारण गोचिड्या फार असतात. कॅनव्हासचे बूट. दीड-दोन लिटर पाणी. दुर्बीण असेल तर आठ किंवा दहा पटीची पुरे. एक वही. आणि सेंट, अत्तर, बॉडी स्प्रे अजिबात मारून जायचं नाही, हे मी जोर देऊन सांगतेय, कारण जुन्या उंच झाडांवर आग्या मोहोळं असतात. उग्र वास, धूर, दगड मारणं यातलं काहीही झालं आणि ती उठली तर पळायला जागा मिळत नाही. सिगरेट तर दोन कारणांनी नको, दुसरं कारण वणवा.

आता मुख्य गोष्ट. आत गेल्यावर लगेच चालायला लागू नका. वाटेवरून थोडं आत गेल्यावर पंधरा-वीस मिनिटं एका जागी गप्प उभं राहायचं नाहीतर बसायचं. आपण आत शिरलो की आसपासचं सगळं गप्प होतं, ते परत बोलायला लागेपर्यंत थांबायचं. आधी कीटक सुरू होतात, मग बारके पक्षी, मग लांबून तांबटाचा टुक टुक असा एकसुरी आवाज, आणि नशीब असेल तर वरून एकदम खडखड असा कर्कश आवाज येतो, तो शेकरूचा. त्याच्यासाठी आलात तर आधी कानाने शोधायचं आणि मग डोळ्याने.

जंगल जुनं आहे की तुटून परत वाढलेलं आहे हे ओळखायला शिका, ही सगळ्यात कामाची गोष्ट. कोकणात बरंच रान खाजगी मालकीचं, ते दर काही वर्षांनी लाकूड आणि कोळशासाठी तोडतात. तोडलेल्या बुंध्यातून पुन्हा फुटवे येतात. म्हणून झाडाच्या पायाशी बघायचं. एकाच बुडख्यातून तीन-चार-पाच खोडं वर गेलेली दिसली, सगळी साधारण एकाच जाडीची, तर ते रान तुटून वाढलेलं आहे, हिरवं कितीही दिसो. तसंच भाताची रोपं करायची जमीन भाजायला, म्हणजे भाजवळीला, कवळ म्हणजे फांद्या तोडून नेलेली झाडं असतात, त्यांना आडव्या फांद्याच नसतात, नुसता खांब आणि डोक्यावर झुबका. रानमोडी या तणाची दाट झाडी दिसली, की वरून ऊन सरळ जमिनीवर येतंय असं समजा. जुन्या रानात असं नसतं. तिथे एकेकटे सरळ बुंधे, काहींना चार माणसांची मिठी पुरणार नाही असे, मधल्या उंचीची वेगळी झाडं, खाली अंजनीसारखी सावलीतली झुडपं, त्याच्याही खाली रोपं, असे मजले असतात. मांडीएवढे जाड वेल एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेले असतात. वेल जाड व्हायला झाडापेक्षा कमी वेळ लागत नाही बरं का, त्यामुळे जाड वेल दिसला की समजायचं इथे बरीच वर्षं कोयता लागलेला नाही.

वेलांत गारंबी नक्की बघा, फणसाडमध्ये आहे ती. तिची शेंग हातभर नाही, हातापेक्षाही लांब असते, कधी मीटरभराच्याही वर, पट्ट्यासारखी चपटी आणि प्रत्येक बी वेगळं फुगून दिसतं. आतलं बी तपकिरी, गुळगुळीत, तळहातात बसेल एवढं. ते पाण्यावर तरंगतं. ओढ्यातून खाडीत, खाडीतून समुद्रात जातं आणि कुठल्यातरी किनाऱ्यावर लागतं. लहानपणी किनाऱ्यावर समुद्राच्या भरतीच्या रेषेत मला असं बी सापडलं होतं आणि मी ते दोन वर्षं कंपासमध्ये ठेवलं होतं, हे कुठल्या डोंगरावरून आलं असेल हे तेव्हा कोणालाच सांगता आलं नाही. अभयारण्यातून मात्र पडलेलं बीसुद्धा उचलायचं नाही, आत पडलेलं पान पण तिथलंच आहे असं समजून चाला.

आता एक काम सांगते ते करून बघाच, मी प्रत्येकाला करायला लावते. बाहेर जिथे आंबा-काजूची कलमं आहेत नाहीतर सागाची लागवड, तिथे आधी थांबा आणि खाली वाकून जमीन बघा. मग जुन्या रानात जाऊन तेच करा. आत हात घालायच्या आधी काठीने हळू चाचपून घ्यायचं, पातेऱ्यात, म्हणजे गळलेल्या पानांच्या थरात, फुरसं किंवा विंचू असू शकतो. वाटाड्याला विचारून, वीतभर जागेतला पातेरा बोटांनी एकेक थर करून बाजूला करायचा. सगळ्यात वर यंदाची पानं, कुरकुरीत, अजून कुठल्या झाडाचं पान ते ओळखू येतं, ऐनाचं, किंजळीचं, जांभळीचं. त्याखाली गेल्या सालची, त्यांचा मधला भाग किड्यांनी खाल्लेला आणि फक्त शिरांची जाळी उरलेली, उजेडात धरली तर लेस लावल्यासारखी दिसते. त्याखाली पानं एकमेकांना चिकटलेली, काळपट, ओलसर, त्यांच्यातून पांढरे धागे गेलेले असतात, अगदी सुतासारखे. ती बुरशी. हे धागे तुटले की वास येतो, पहिल्या पावसाचा नाही, त्यापेक्षा खोल, जुन्या विहिरीत डोकावल्यावर येतो तसा. आणि त्याखालची माती मे महिन्याच्या तोंडावरही बोटाला थंड लागते. बघून झालं की सगळे थर होते तसे परत घालायचे.

हा पातेरा हाच जंगलाच्या पाण्याचा खजिना. कोकणात जूनपासून चार महिने धो धो पडतो आणि मग आठ महिने जवळजवळ काही नाही. उघड्या कातळावरचा पाऊस तासाभरात व्हाळात, व्हाळातून खाडीत, संपला विषय. रानात तो आधी वरच्या पानांवर पडतो, मग खालच्या, मग थेंब थेंब करत पातेऱ्यावर, तिथे मुरतो, मुळांच्या वाटेने जांभ्यात उतरतो. जांभा दगड भोकाभोकांचा, स्पंजसारखा, आणि त्याखाली जिथे चिकट मातीचा थर लागतो तिथे पाणी आडवं सरकून डोंगराच्या कुशीत बाहेर येतं. फणसाडमध्ये अशा पाणवठ्यांना गाण म्हणतात, चिखलगाण वगैरे नावं तुम्हाला वाटाड्या सांगेलच. उन्हाळ्यात सांबर, भेकर, रानडुक्कर, बिबट्या सगळे त्या पाण्यावर जगतात. गाणाजवळ गेलात तर अगदी काठाशी बसून राहू नका. लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, थोडा वेळच. दिवसभर तुम्ही तिथे ठाण मांडलंत तर तहानलेलं जनावर परत जातं, आणि उन्हाळ्यात पाण्याची एक खेप चुकणं म्हणजे काय ते त्यालाच माहीत.

गावांनाही हे कळत होतं. सत्तरच्या दशकात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वर्तक यांनी कोकणातल्या देवरहाट्यांचा अभ्यास केला, तेव्हा श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या लोकांनी आमची रहाटी तोडू देऊ नका म्हणून त्यांच्याकडे धाव घेतली होती, कारण गावाचं पाणी त्या रहाटीतून येत होतं. देवाची भीती होतीच, पण त्या भीतीच्या पोटात पाण्याचा हिशोब होता, तो हिशोब आजीच्या पिढीला तोंडपाठ होता.

मी स्वतः उलटंही बघितलंय. एका गावात, नाव लिहीत नाही, देवळाचा जीर्णोद्धार निघाला. जांभ्याचं कौलारू देऊळ पाडून स्लॅबचं केलं, सभामंडप वाढवायला आणि गाड्या लावायला रहाटीतली मोठी झाडं गेली, लाकूड विकून त्यातूनच फरशीचा खर्च निघाला, आणि पेव्हर ब्लॉक बसवले थेट तळीपर्यंत. देवळाशेजारचा पऱ्या शिमग्यापर्यंत वाहायचा, पालखीच्या वेळी पोरं त्यात पाय धुवायची. आता संक्रांत झाली की तो कोरडा. ज्यांनी पैसे दिले ते भक्तीनेच दिले, मुंबईहून महिन्याच्या पगारातून पाठवले, त्यांना मी वाईट म्हणणार नाही. पण देऊळ बांधताना झाड ठेवून बांधता येतं हे त्या मीटिंगमध्ये कोणीतरी बोलायला हवं होतं. तुमच्या गावात असा विषय निघाला तर तुम्ही बोला, गाव सोडून मुंबईत राहत असलात तरी बोला, वर्गणी तुमचीही असते ना.

मेलेली झाडं बघायला शिका, हे पुढचं. वठलेलं झाड दिसलं की लोक म्हणतात काय दुर्लक्ष आहे, हे तोडून नवीन लावायला पाहिजे. अजिबात नाही. उभं वठलेलं झाड आणि जिवंत जुन्या झाडातली ढोली, या दोन गोष्टी लागवडीच्या जंगलात पन्नास वर्षांतही धड तयार होत नाहीत. सुतारपक्षी, तांबट, पोपट, पिंगळे, घुबडं, वटवाघळं, उदमांजर, सगळ्यांची घरं तिथे. आणि ककणेर. पुस्तकात त्याला धनेश म्हणतात, आमच्याकडे ककणेर. साधारण फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि स्वतःला आत कोंडून घेते, तोंड चिखल, विष्ठा, फळांचा गर यांनी लिंपून टाकते, फक्त चोच जाईल एवढी उभी फट ठेवते. पुढचे कित्येक आठवडे, जवळजवळ तीन महिने म्हणा, नर तिला आणि नंतर पिल्लांनाही त्या फटीतून भरवतो. उंबर, वड, पिंपळ, असली फळं घशात साठवून आणतो आणि एकेक करून वर काढून देतो. काजऱ्याचं फळ, ज्याचं बी माणसाला विष, त्याचाही गर तो खातो. आता विचार करा, एवढा मोठा पक्षी मावेल एवढी ढोली व्हायला झाड केवढं आणि किती जुनं लागत असेल. आणि नराला कोणी मारलं, किंवा माणसांना घाबरून त्याने यायचं टाळलं, तर आतल्यांचं काय होईल.

म्हणून घरटं सापडलं तर असं करा. झाडाखाली जाऊ नका. लांबून, आडोशाने, दहा-पंधरा मिनिटं बघा आणि निघा. नर समोरच्या फांदीवर येऊन बसलाय पण ढोलीकडे जात नाहीये असं दिसलं तर तो तुमच्यामुळे थांबलाय, तेव्हा लगेच मागे व्हा. लोकेशन टाकून फोटो शेअर करू नका, कितीही मोह झाला तरी. पावसाळ्यात तिबोटी खंड्याच्या बाबतीत पण हेच. तो एवढासा रंगीत पक्षी, रायगडचा जिल्हा पक्षी आहे, पावसाबरोबर येतो आणि ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करून पिल्लं वाढवतो. फोटोसाठी बिळासमोर तासन् तास रांग लागली तर त्याला मासा-बेडूक घेऊन आत जाता येत नाही.

शेकरूसाठी मान वर करून बसायची तयारी ठेवा. सकाळी आठ-नऊपर्यंत आणि मग ऊन उतरल्यावर. राज्यप्राणी आहे तो आपला. लालसर तपकिरी पाठ, पोटाकडे फिकट पिवळसर, आणि शेपूट अंगापेक्षा लांब, फांदीवरून खाली लोंबते तीच आधी दिसते. घरटी म्हणजे पानांचे आणि काटक्यांचे मोठे गोळे, उंच झाडाच्या टोकाकडच्या फांद्यांत, एकेक शेकरू अशी बरीच बांधून ठेवतो, त्यामुळे घरटं दिसलं म्हणजे आत कोणी असेलच असं नाही. तो जमिनीवर उतरायचं टाळतो, या झाडावरून त्या झाडावर उड्या मारत जातो. आता तुम्ही स्वतः त्याच्या जागी जाऊन वाट शोधा, इथून त्या टेकडीपर्यंत फांदीला फांदी लागलेली आहे का. मधे रुंद रस्ता, मधे वणव्याने उघडं झालेलं टेपाड, की त्याचा प्रदेश तिथे संपला. हा खेळ मुलांबरोबर खेळा, मुलांना फार पटकन समजतं, आमच्या भाचीने पाचव्या मिनिटाला विचारलं की मावशी मग इथे रस्ता कशाला मोठा केला.

गिधाडांचं पण सांगते. या पट्ट्यात, फणसाड काय आणि खाली म्हसळा-श्रीवर्धन काय, पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं उंच जुन्या झाडांवर घरटी करतात. वर्षाला एकच अंडं. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक औषधामुळे, तसली मेलेली गुरं खाऊन, देशभर त्यांचा सुपडा साफ झाला, २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण एका वर्षाला एक पिल्लू या हिशोबाने भरून यायला पिढ्या जातात. त्यात ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं. नारळ-सुपारीच्या वाड्या झोपल्या ते सगळ्यांनी बघितलं, टीव्हीवर पण आलं. रानातली पडलेली उंच झाडं कोण मोजणार. मी नंतर गेले तेव्हा जुन्या रानात एक मोठं झाड मुळासकट आडवं झालेलं बघितलं, वर आभाळाचा तुकडा उघडा पडला होता आणि त्या उजेडात पुरुषभर उंचीची रोपं दाटीने उठली होती. खोडावर अळंबी, खाली वाळवी, एका टोकाला सरडा. ते झाड कोणी उचलून नेलं नाही म्हणून ते अजून कामाला येतंय. वाडीत पडलेलं झाड उचलावंच लागतं, पोटाचा प्रश्न असतो. रानात पडलेलं तिथेच राहू द्यायचं.

देवरहाटीत जायचं तर पद्धत वेगळी. आधी गावात कोणालातरी भेटा, गुरव, मानकरी, नाहीतर पोलीस पाटील. सरळ कॅमेरा घेऊन आत घुसू नका. चपला कुठे काढायच्या, बायकांनी कुठपर्यंत जायचं, कुठल्या बाजूला जायचंच नाही, हे प्रत्येक गावात वेगळं असतं आणि तिथे आपलं मत सांगायला आपण आलेलो नसतो. मी मामांबरोबर जाते तेव्हा ते आधी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात, बा देवा म्हाराजा, ही लेकरं तुझी राई बघायला आलीत, काही चूकभूल झाली तर पदरात घे. मग आत. सुकलेली काटकी पण कोणी उचलत नाही. पूर्वी झाड तोडायची अगदीच वेळ आली तर देवाला कौल लावायचे आणि देव नाही म्हणाला की विषय बंद.

तिथे काय बघायचं? सातवीण, बेहडा, उंडी, काजरा, सुरंगी, बकुळ, आणि वडाचे असे विस्तार की मूळ खोड कुठलं ते सापडत नाही. मार्च-एप्रिलच्या आसपास सुरंगी फुलली असेल तर वासावरूनच कळेल, पिवळ्या केसरांची फुलं फांदीलाच चिकटून येतात. रहाटीच्या कडेची झाडं आणि मधली झाडं यांच्यात फरक बघा, कडेला ऊन लागतं, तिथे रानमोडी आणि वेली घुसतात, म्हणून लहान रहाटीची कड तोडली की आतलं पण हळूहळू बिघडतं. ज्यांना अगदी वेगळं काही बघायचंय त्यांनी सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डेला जावं. तिथे रानजायफळाच्या जातीतली झाडं पाणथळ जागेत उभी आहेत, मुळं खोडातून निघून काठ्यांसारखी चिखलात टेकलेली. अडीच हेक्टरच्या आसपास जागा, पण जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झालीय. तिथे चिखलात उतरू नका. पायाखाली मुळं असतात आणि ती दिसत नाहीत.

धोक्यांचं पटकन. साप बघूनही दिसत नाही, तेव्हा पडलेल्या ओंडक्यावरून उडी मारू नका, आधी वर पाय ठेवा, पलीकडे बघा, मग उतरा. चावलाच तर बांधाबांधी, कापाकापी, मंत्र काही नको, हालचाल कमी करून थेट ग्रामीण रुग्णालय, १०८ ला फोन. रेंज नसते तेव्हा गाडी कुठे उभी आहे आणि कोण चालवणार हे आधीच ठरवून ठेवा. खाजकुयलीच्या शेंगा सुकल्या की वाऱ्यानेही कूस उडते, मखमली तपकिरी शेंग दिसली की लांबून. पावसात जळवा, त्यांना मीठ-हळद. संध्याकाळी घरी आल्यावर कानामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली गोचिड्या बघा.

वणवा दिसला तर व्हिडिओ करत बसू नका, वनरक्षकाला नाहीतर गावात फोन करा. फेब्रुवारीनंतर एक काडी पुरते, आणि जुन्या रानाचा जो पातेरा मी वर सांगितला तो एका दुपारी जातो.

शेवटी, एकदा जाऊन यादी पूर्ण करायची ही जागा नाही. एक झाड निवडा. तेच झाड चैत्रात बघा, ज्येष्ठात पहिल्या पावसाआधी काजव्यांच्या वेळी बघा, श्रावणात त्याच्या सालीवर आमरी, म्हणजे ऑर्किड, फुललीय का बघा, मार्गशीर्षात परत. वहीत तारीख, काय फुललं, कोण बसलं होतं, ओढ्याला पाणी किती, एवढंच लिहायचं, दोन ओळी. माझं झाड आजोळच्या रहाटीतला बेहडा आहे, जमिनीपासून तीन पुरुष उंचीवर एक ढोली आहे त्याला. गेली चार वर्षं त्यात पोपट असायचे. यंदा मार्चच्या पहिल्या आठवड्यात मामांचा फोन आला की ढोलीचं तोंड लिंपलेलं दिसतंय आणि ककणेराचा नर दोनदा येऊन गेला. मामांनी त्या बाजूची गुरांची वाट सध्या बंद केलीय. मी एप्रिलमध्ये पहाटेच्या एसटीने जाणार आहे, लांबच्या फणसाखाली बसायची जागा बघून ठेवली आहे.